आपांचं स्टूल आणि माझे शंभर टक्के

चार वर्षं मी त्यांना रोज पाहिलं. त्या चार वर्षांत आपांनी दुसऱ्या कुणाच्या माऊसला एकदाही हात लावला नाही. कुणी कॉम्प्युटरपाशी अडलं की त्या आपलं निळं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन यायच्या, त्या माणसाच्या उजव्या अंगाला थोडं मागं टेकवायच्या आणि दोन्ही हात ओढणीखाली घेऊन बसायच्या. हात ओढणीखाली का, असं मी एकदा विचारलं.

"बाहेर असले की शिवशिवतात," त्या म्हणाल्या. "मी दाबलं की काम होतं. पण मग शिकतं कोण? माझंच बोट."

हा खालापूरच्या बाजूचा कारखाना. औषधी गोळ्यांना लागणाऱ्या पावडरी तिथं मिसळल्या जात. आपा मूळच्या तिथल्या टेलिफोन ऑपरेटर. पुढं प्रत्येकाच्या खिशात फोन आला, बोर्ड भंगारात गेला आणि आपांचं काय करायचं हे कुणाला सुचेना, म्हणून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या पंचावन्नच्या आसपास असाव्यात. वाटेवरच्या चौक गावात त्यांच्या भावाचं टायरचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. लग्न केलेलं नव्हतं. का नाही, हे कुणी विचारत नसे, आणि विचारलं असतं तर त्यांनी सरळ उत्तर दिलं असतं अशी भीती सगळ्यांना होती.

मी साताऱ्याकडचा. कर्जतला खोली घेऊन राहत होतो आणि कंपनीच्या बसनं जात-येत होतो. माझ्या टेबलावर 'ट्रेनिंग कोऑर्डिनेटर' अशी पाटी होती. त्याच वर्षी कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं. माल आला, तपासला, दिला, मिसळला, भरला, सगळं त्यात नोंदवायचं. ते शिकवण्यासाठी कंपनीनं अकरा व्हिडिओ विकत घेतले होते. प्रत्येक व्हिडिओ अर्ध्या-पाऊण तासाचा, शेवटी पाच प्रश्न, आणि पास झालं की सर्टिफिकेट. माझं काम म्हणजे सगळ्यांना लिंक पाठवायची, कोण राहिलं ते बघायचं आणि दर शुक्रवारी मुख्य ऑफिसला टक्के कळवायचे. टक्के वाढले की मला शाबासकी मिळे.

आपा चौकाला बसमध्ये चढत. माझ्या शेजारची जागा रिकामी असली तर बसत, नसली तर उभ्या राहत. दुसरी जागा रिकामी असली तरीही. त्याचं कारण मला कधी कळलं नाही. बसल्या की विचारायच्या, "आज किती?"

"ब्याऐंशी टक्के."

"आणि काल स्टोअरला किती जण अडले, तो आकडा कुठं लिहितोस?"

तो आकडा मी कुठंच लिहीत नव्हतो. त्या लिहीत. शाळेची दोनशे पानी वही होती. तिच्यात कोण चुकलं ते नसायचं, चूक कुठं झाली आणि किती वाजता, एवढंच. 'माल देणे, तिसरी पायरी, दुपारी तीन.' 'परत माल देणे, तिसरी, रात्रपाळी सुरू होताना.' मी नावं का नाहीत असं विचारलं तर म्हणाल्या, "नाव लिवलं की लोक नावाकडं बघतात रं. जागेकडं कोण बघत नाय."

फोनवरून त्या कुणालाही मदत करत नसत. आयुष्यातली वीस-पंचवीस वर्षं ज्यांनी हेडफोन लावून काढली, त्यांनी असं करावं याची लोकांना गंमत वाटे. दुसऱ्या टोकाच्या गोडाऊनमधून फोन आला तरी त्या म्हणत, "येते," आणि स्टूल उचलून चालू लागत. जायला सात-आठ मिनिटं लागत. तोवर निम्म्या लोकांचं आपोआप सुटलेलं असे. अशा वेळी त्या चिडत नसत, उलट खूश होऊन परत येत. येताना गेटवरच्या वॉचमनला सांगत, "माझी गरज पडली नाय आज."

चहा मात्र कँटीनचा कधी प्यायल्या नाहीत. तो चहा नाही, चहाची बातमी आहे, असं त्यांचं मत होतं. थर्मास घेऊन लोडिंगच्या ओट्यावर बसत आणि भाकरीबरोबर सुक्या जवळ्याची चटणी खात. त्या वासानं ऑफिसातले लोक तिकडं फिरकत नसत. कामगार बाया मात्र तिथंच डबे उघडत. त्यांतलीच एक सुगंधा.

सुगंधा माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीवरची. वय तिशीच्या पुढं, दोन मुलं, नवरा वीटभट्टीवर जाणारा. दहावी झालेली म्हणून ठेकेदारानं तिला गोण्या शिवायच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये टॅब हातात दिला होता. कुठल्या लॉटमधला माल मिक्सिंगला द्यायचा ते ती टॅबवर टाकायची, आणि हमाल तो आकडा बघून गोण्या काढायचे. आपांचं तिच्याविषयी एकच म्हणणं होतं: "ती 'का' विचारते. बाकीचे 'कसं' विचारतात."

एरवी आपा कुणाचं कौतुक करत नसत.

आता तो प्रसंग सांगायला हवा, ज्यामुळं आपा माझ्या लक्षात राहिल्या. नाहीतर स्टूल घेऊन फिरणारी एक बाई, एवढंच राहिलं असतं.

आमच्याकडं आलेल्या प्रत्येक लॉटवर आधी पिवळी चिठ्ठी लागायची. पिवळी म्हणजे लॅबची तपासणी बाकी. लॅबनं पास केलं की हिरवी. पिवळीचा माल मिक्सिंगला द्यायचा नाही, हा तिथला सगळ्यात मोठा नियम. एका संध्याकाळी पाळी बदलताना सुगंधानं टॅबवर जो लॉट निवडला तो पिवळ्या चिठ्ठीचा होता. त्या थप्पीच्या चिठ्ठ्या भिंतीकडच्या बाजूला आल्या होत्या, म्हणून हमालांनाही दिसल्या नाहीत. चौदा गोण्या मिक्सरमध्ये गेल्या. दुसऱ्या दिवशी लॅबनं तो लॉट नापास केला. बॅच कारखान्याबाहेर गेली नव्हती, पण सगळी नष्ट करावी लागली. कुणाच्या पोटात ती पावडर गेली असती तर काय, हा प्रश्न त्या दोन दिवसांत प्रत्येकानं प्रत्येकाला विचारला.

सोमवारी चौकशी ठरली. मॅनेजर साहेब, ठेकेदाराचा माणूस, सुगंधा, स्टोअरच्या वतीनं आपा आणि प्रशिक्षणाची कागदपत्रं घेऊन मी. साहेबांनी मला शनिवारीच बजावलं होतं, "तिचं सर्टिफिकेट आण. ट्रेनिंग झालं होतं हे रेकॉर्डवर यायला पाहिजे."

सर्टिफिकेट होतं. सहावा व्हिडिओ, 'माल देणे', पाचपैकी पाच. ते कसं मिळालं होतं हे मला ठाऊक होतं. तीन महिन्यांपूर्वी मी लाइनच्या सुपरवायझरला म्हणालो होतो, "कसंही करा, पण शुक्रवारपर्यंत शंभर टक्के पाहिजेत." तो शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सहा बायांना कँटीनच्या बाजूच्या खोलीत घेऊन बसला. प्रत्येकीच्या नावानं त्यानं स्वतःच्या फोनवर व्हिडिओ लावला, पुढं सरकवला, उत्तरं दाबली आणि हजेरीच्या कागदावर सह्या घेतल्या. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. मी दारावरून गेलो तेव्हा आत डोकावलो होतो. सुपरवायझरनं माझ्याकडं बघून अंगठा वर केला होता. मीही केला होता.

चौकशीच्या खोलीबाहेर आपा स्टुलावर बसल्या होत्या. मी फाइल घेऊन आलो तशा म्हणाल्या, "तुला आत काय बोलायचंय का?"

"नाही. फक्त कागद द्यायचेत."

"बरं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

आत साहेबांनी सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं. "पाचपैकी पाच मार्क. म्हणजे सगळं माहीत होतं आणि तरी चुकलं. याला निष्काळजीपणा म्हणायचा नाही तर काय?"

सुगंधा उभी होती. तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. ती सर्टिफिकेटकडं बघत राहिली. तिनं ते आधी कधी पाहिलं नसावं.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "साहेब, उद्यापासून नका घेऊ तिला. मी दुसरी देतो."

आपांनी हात ओढणीखालून काढले. कुणी अडलेलं असताना त्यांनी हात बाहेर काढलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "साहेब, ही नोंद तुमी करून दाखवाल का? तुमाला तर सगळंच येतं. मला बघायचंय, कुठं चुकता येतं."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. टॅब मागवला, सराव करायच्या खात्यात गेले, शांतपणे एकेक पायरी केली. लॉटची यादी आली, त्यांनी प्रत्येकासमोरची स्थिती वाचली, पास झालेला लॉट निवडला. "झालं. यात अवघड काय आहे?"

"काय नाय," आपा म्हणाल्या. "आता तिच्या जागेवर चला."

"कशाला?"

"पाच वाजतायत. पाळी बदलेल. त्याच टायमाला झालं ना ते."

साहेब आले. कदाचित पटकन मिटेल म्हणून. स्टोअरमध्ये नेहमीचा गोंधळ होता. फोर्कलिफ्ट मागं येताना टूं टूं वाजत होती, जाणारे हमाल घाई करत होते, येणारे हातमोजे शोधत होते. टॅब भिंतीला खिळलेल्या फळीवर, छातीच्या उंचीला. बसायची सोय नाही. आपांनी सुगंधाचे रबरी हातमोजे साहेबांपुढं धरले.

"हे घालूनच?"

"पावडरीत उगड्या हातानं कसं करेल?"

साहेबांनी मोजे घातले. मोज्यानं टॅबवर बोट नीट बसत नाही, दोनदा-तीनदा दाबावं लागतं. पहिल्या पायरीला ते अडले, परत दाबलं. तेवढ्यात मिक्सिंगवरून माणूस ओरडला, "लवकर द्या, मशीन उभी हाय!" साहेबांनी दुसरी पायरी केली. यादी उघडली. मोज्यातल्या बोटानं त्यांनी सगळ्यात वरचा लॉट दाबला. वरचा लॉट म्हणजे सगळ्यात नवा आलेला. पिवळ्या चिठ्ठीचा.

सुगंधानं मान दुसरीकडं वळवली. साहेबांनी स्वतःच स्क्रीन परत वाचली, मोजे काढले आणि एकात एक घालून फळीवर ठेवले.

"ही वही बघा," आपा म्हणाल्या. "तिसरी पायरी. पाच महिन्यांत एकोणीस वेळा. प्रत्येक वेळी कोणीतरी शेवटच्या क्षणी धरलं म्हणून कळलं नाय."

सुगंधाची नोकरी राहिली. पण मुख्य ऑफिसला काहीतरी कागद जायला हवा होता, म्हणून तिला मेमो मिळाला: 'प्रशिक्षण पूर्ण असूनही हलगर्जीपणा.' तिनं सही केली. मी घरी गेलो. त्या संध्याकाळी मला आठवतं, बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि आपा चौकापर्यंत उभ्या राहिल्या.

त्यानंतर व्हिडिओंचं महत्त्व कमी झालं. पुण्याहून एका कंपनीचा माणूस आला. त्यांनी आमच्या सॉफ्टवेअरच्या आतच वाट दाखवणाऱ्या चौकटी बसवायचं काम घेतलं होतं. म्हणजे आधी तासभर शिकवायचं नाही, ज्या पायरीवर माणूस अडतो तिथंच स्क्रीनवर एक चौकट उघडायची आणि पुढं काय करायचं ते सांगायची. आपांच्या वहीला आता किंमत आली. चौकटी कुठं हव्यात हे त्या वहीत लिहिलेलंच होतं. मजकूर लिहायलाही साहेबांनी आपांनाच बसवलं.

पुण्याच्या माणसानं नमुन्यादाखल एक मजकूर आणला होता: 'कृपया साहित्याची सद्यःस्थिती पडताळून पुढील कार्यवाही करावी.'

आपांनी तो दोनदा वाचला. "हे कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? सिस्टिम."

"सिस्टिमला सांग, आमच्यात आसं कोण बोलत नाय." मग त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं: 'थांब. चिठ्ठी पिवळी हाय का हिरवी? गोणीपाशी जाऊन बघ. मग ये.'

तो माणूस बिचारा अडचणीत आला. वापरणाऱ्याला स्क्रीन सोडून जायला सांगणारी चौकट त्यानं कधी केली नव्हती. त्यांच्याकडं उलट असायचं, माणूस स्क्रीनवरून हलता कामा नये.

"माल स्क्रीनमध्ये हाय का गोडाऊनमध्ये?" आपांनी विचारलं.

दुपारभर वाद चालला. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. 'हाय'चं 'आहे' करायचं, बाकी आपांचं जसंच्या तसं. आपा म्हणाल्या चालेल, फक्त 'थांब' पहिल्या ओळीत एकटा पाहिजे. तसा तो ठेवला. पुढच्या वर्षभरात तिसऱ्या पायरीवर एकही चूक झाली नाही. मला वाटलं, आता आपा निवांत होतील.

तसं झालं नाही. त्या वर्षाच्या शेवटी सॉफ्टवेअर बदललं. वरवर काही फरक दिसत नव्हता, पण एका पडद्यावर दोन बटणांची अदलाबदल झाली होती. आपांची चौकट मात्र जुनंच सांगत राहिली: 'खालचं बटण दाब.' खालचं बटण आता नोंद रद्द करत होतं. सकाळच्या पाळीत सगळ्यांनी चौकटीचं ऐकलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीस-बत्तीस नोंदी नाहीशा झाल्या आणि कुणालाही शंका आली नाही. सुगंधा त्या दिवशी सकाळची रजा काढून दुपारी आली, तिनं पहिल्याच नोंदीला हात आवरला आणि ओट्यावर आपांकडं गेली.

"आपा, बटन बदललंय. चौकट जुनीच हाय."

आपांनी अर्धी भाकरी डब्यात परत ठेवली. नुकसान काही मोठं नव्हतं. नोंदी दुसऱ्या दिवशी परत घातल्या. पण आपांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. मग त्यांनी मला माथेरानची गोष्ट सांगितली.

तरुणपणी वर्षभर त्या माथेरानच्या एका हॉटेलात फोन घ्यायला होत्या. सकाळी पाहुणे निघताना मालक त्यांना सगळे पॉइंट, सगळी वळणं एका दमात सांगायचा. पाहुणे माना डोलवायचे आणि दुपारी भलत्याच ठिकाणाहून घोडेवाल्याच्या पाठी परत यायचे. आपांनी मालकाला सांगून दोन वाटा फुटतात तिथं लाकडी पाट्या लावून घेतल्या. चुकणं थांबलं. मग एका वादळवाऱ्यात एक पाटी फिरली. तिच्या भरवशावर एक म्हातारं जोडपं दरीच्या कडेपर्यंत गेलं. समोर वाट संपलेली दिसत असूनही दोघं पाटीकडं बघत उभी होती.

"त्यांना कायसुदीक झालं नाय," आपा म्हणाल्या. "घोडेवाल्यानं आणलं. पण मला ते आठवत राहतं. समोर दरी, आणि माणूस पाटी वाचतोय."

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुण्याच्या माणसाला बोलावून घेतलं आणि चाळीसेक चौकटींपैकी सात ठेवून बाकीच्या काढायला सांगितल्या. त्याला समजेना. लोक चौकटी वाढवून मागतात, काढून टाका असं कुणी म्हणत नाही.

"काढल्या तर माणसं चुकतील, मॅडम."

"चुकू देत. जिथं चुकलं तर कोणाला लागत नाय, तिथं चुकूनच येतं. जिथं लागतं, तिथं ठेव." आणि वर, "आन् त्या सातांवर तारीख टाक. कोणी शेवटची बघितली, कधी बघितली, ते दिसायला पाहिजे."

काढलेल्या चौकटींच्या जागी त्या परत स्टूल घेऊन फिरू लागल्या. गुडघे दुखत होते. फिरणं महिन्यागणिक कमी होत गेलं, कारण लोकांना येऊ लागलं होतं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्यानं नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषण करायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माझ्याकडं बोलायला काय नाय, कोणाला काय विचारायचं असेल तर विचारा." कुणी काही विचारलं नाही. त्या चहा न पिता गेल्या.

त्या निवृत्त होऊन दोन महिने झाले असतील. व्हिडिओंचा करार संपत होता आणि जुनं रेकॉर्ड उतरवून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. आजवर मी त्या अहवालातला एकच रकाना बघत आलो होतो, 'पूर्ण'. त्याच्या पुढं आणखी एक रकाना होता: प्रत्यक्षात किती मिनिटं पाहिलं. सगळ्यांच्या नावापुढं एक, दोन, शून्य, तीन. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओला दोन मिनिटं. साहेबांच्याही नावापुढं दोन. दीडशे नावांत एकच नाव असं होतं ज्यापुढं अकराही व्हिडिओंची पूर्ण मिनिटं होती. ते आपांचं होतं. सहावा व्हिडिओ तर त्यांनी तीनदा पाहिला होता, तिन्ही वेळा एकाच दिवशी. चौकशीच्या आदल्या रविवारी.

मी सहावा व्हिडिओ लावला. इतरांना तो मी शेकडो वेळा पाठवला होता. स्वतः पहिल्यांदा बघत होतो. अकराव्या मिनिटाला लॉटची यादी आली. शिकवणारा आवाज अगदी गोड होता. 'आता यादीतला सगळ्यात वरचा लॉट निवडा आणि पुढे जा.' स्थिती बघा, चिठ्ठी बघा, असं काही नाही. सुगंधानं हा व्हिडिओ खरोखर बघितला असता, पाचपैकी पाच मार्क खरोखर मिळवले असते, तरी तिनं त्या संध्याकाळी तेच केलं असतं. आम्ही तेच शिकवत होतो. पाठवणारा मी होतो.

रविवारी मी चौकाला गेलो. आपा दुकानामागच्या अंगणात बसून लसूण सोलत होत्या. मी रेकॉर्डचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, सोलणं चालू ठेवलं.

"आपा, तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. व्हिडिओच चुकीचा होता. चौकशीत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता? हा व्हिडिओ पास कोणी केला. मग तू गेला असतास. तिची नोकरी नुसत्या मोज्यानं पण वाचत व्हती, मग तुला कशाला घालवू?"

मी म्हणालो, "सर्टिफिकेटचंही ठाऊक होतं तुम्हाला?"

"बाया माझ्यासोबत जेवतात रं." त्यांनी एक पाकळी वाटीत टाकली. "तुला दारात विचारलं मी, बोलायचंय का म्हणून. तू नाय म्हणालास. मला वाटलं, आत बोलशील. मग वाटलं, नंतर बोलशील. दोन वर्षं झाली."

त्यांचा आवाज चढला नव्हता, रागही दिसत नव्हता. तेच जास्त लागलं.

"तो मेमो आजून हाय तिच्या फाइलीत," आपा म्हणाल्या. "दोनदा पर्मनंटच्या यादीत नाव गेलं, दोनदा त्याच कागदानं परत आलं. माझ्याकडं येऊन काय उपयोग? मी काय मेमो काढते का?"

सोमवारी मी सुगंधाला स्टोअरच्या ओट्यावर गाठलं आणि सगळं सांगितलं. शुक्रवारची खोली, दारातून डोकावणं, अंगठा, व्हिडिओ. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"म्हणजे मी बरोबर केलं व्हतं?" तिनं विचारलं.

"व्हिडिओत शिकवलंय तसंच केलं होतं."

"मला वाटायचं, काम आपल्याच डोक्यात बसलं नाय." एवढं बोलून तिनं मिक्सिंगच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, "हे लिवून द्याल का, सर?"

मी लिहून दिलं. दीड पान झालं. साहेबांकडं देण्याआधी तिला वाचून दाखवलं. तिनं एकच दुरुस्ती सांगितली. सुपरवायझरनं सह्या 'घेतल्या' असं मी लिहिलं होतं. ती म्हणाली, "आमी केल्या. तसं लिवा." मी तसं लिहिलं.

महिन्याभरात तिचा मेमो फाइलमधून काढला गेला. पर्मनंटच्या पुढच्या यादीत तिचं नाव आलं आणि राहिलं. सुपरवायझर माझ्याशी बोलेनासा झाला, आणि त्यात त्याची चूक नव्हती. मला साहेबांनी बोलावून बंद पाकीट दिलं. आत मेमो होता. प्रशिक्षणाच्या नोंदी खोट्या असल्याचं माहीत असूनही त्या सादर केल्याबद्दल. सही करून दोन दिवसांत परत द्यायचा होता. तो खिशात घालून मी बसमध्ये बसलो आणि कर्जतला न जाता चौकाला उतरलो.

आपांनी चष्मा लावला, पण कागद हातात घेतला नाही. "तूच वाच," म्हणाल्या.

मी वाचून दाखवला.

"त्यात कुठं खोटं हाय का?"

"नाही."

"मग पेन हाय का तुझ्याकडं?"

पेन होतं. मी मांडीवर कागद ठेवला आणि सही केली. त्यांनी ती होईपर्यंत पाहिली, मग उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.